ओट्यामागच्या हिरव्या टाइल्स

१

थोरलीने टाइल्स निवडायला इतका वेळ लावला की ती दारात दिसली की दुकानातली बाई आधी घोटभर पाणी पिऊन घ्यायची. स्वयंपाकघरातली कपाटं झाली होती, फिकट राखाडी. ओटाही बसला होता, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेल्या दगडाचा. या दोन्ही गोष्टी तिने एका दुपारी उभ्याउभ्या ठरवून टाकल्या होत्या. घोडं अडलं होतं ते ओटा आणि वरची कपाटं यांच्यामधल्या हातभर भिंतीवर.

"मॅडम, राखाडी कपाटांना पांढरी मॅट टाइल घ्या. डोळे मिटून घ्या," बाई म्हणाली. "ओट्यातला पांढरा खुलून दिसतो आणि डागही दिसत नाहीत."

"पण मॅटमध्ये मागचं दिसत नाही ना."

"मागचं म्हणजे काय? भिंत? अहो, ती दिसू नये म्हणूनच तर टाइल लावतात!"

थोरली हसली नाही. तिचं दुखणं वेगळं होतं आणि ते दुकानात सांगण्यासारखं नव्हतं. ती घरी केक करून विकायची. दिवसातला अर्धा वेळ ओट्यापाशी, तोंड भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे. खोलीत खिडकीशी आईची खुर्ची. आईला आता बरंचसं आठवत नसे. दोन्ही मुलींची नावंसुद्धा गेली होती, 'थोरली' आणि 'धाकटी' एवढंच शिल्लक होतं. आपल्याला नीट उभं राहता येत नाही हे तर ती हटकून विसरायची. अशीच ती मध्यंतरी उठली होती. थोरली क्रीम फेटत होती, मिक्सरच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही. वळून पाहिलं तेव्हा आई जमिनीवर होती आणि गोंधळून छताकडे बघत होती.

धाकटी दुसऱ्या गावाहून धावत आली. आईचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं होतं. "ताई, तुझ्या पाठीला काही डोळे नाहीत. तुझी काही चूक नाही. पण पुन्हा एकदा पडली ना, तर मी तिला वृद्धाश्रमात ठेवणार. मग तू रड, नाहीतर माझ्याशी बोलणं टाक."

म्हणून हे नवं स्वयंपाकघर. दार रुंद केलं, उंबरा काढला, जमीन खडबडीत करून घेतली. आता राहिली होती ती पाठीला डोळे लावायची गोष्ट.

"चकचकीतच हवी असेल तर एक आहे," बाई अखेर म्हणाली. "जुना माल आहे, आता कंपनी काढत नाही. पण तुमच्या कपाटांना जाणार नाही हं, आधीच सांगते."

ती टाइल गडद हिरवी होती, काळ्याकडे झुकणारी. थोरलीने ती दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरली. तीत मागचं अख्खं दुकान दिसत होतं. कमोडची रांग, काचेचं दार, आणि बाटली तोंडाला लावून पाणी पिणारी बाई. थोरली वळली तेव्हा बाईचा हात नुकता बाटलीकडे जात होता. परत तहान लागली असेल, एवढंच तिच्या मनात आलं.

२

नमुन्याचे तुकडे घरी आणायचे, ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवायचे आणि आपल्या घरच्या उजेडात पाहायचे, असा रिवाज असतो. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली दिसतं ते काही खरं नसतं. थोरलीने पांढरी, मोतिया, राखाडी अशा चार टाइल्स ओळीने मांडल्या आणि शेवटी हिरवी.

बाकीच्या टाइल्सपुढे ती उभी राहिली तर नुसता उजेड दिसायचा. हिरव्या टाइलमध्ये खिडकी दिसायची, खिडकीशी खुर्ची, खुर्चीत आईचं पांढरंशुभ्र डोकं. भांडी घासतानाही दिसायचं, पीठ चाळतानाही.

"तू इथे आहेस ना?" आईने मागून विचारलं.

हा प्रश्न आई दिवसभर विचारायची. उत्तर मिळालं की जिवात जीव यायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायची.

"इथेच आहे, आई."

थोरलीने मोबाइलवर फोटो काढून धाकटीला पाठवला. लगेच फोन आला.

"ताई, तुझं डोकं फिरलंय का? एवढी छान कपाटं केलीस आणि त्यांच्यामध्ये हे काय, विहिरीत वाकून बघितल्यासारखं! ती मोतिया लाव ना. आणि हे बघ, आईला असं उभं नको करत जाऊस."

"कोण उभं आहे? बसलीये ती."

"फोटोत बघ. त्या हिरवीमध्ये खुर्चीपुढे उभी आहे. झोक जातोय तिचा, मला इथून दिसतंय."

थोरलीने फोन कानापासून काढून फोटो मोठा केला. आई उभी होती, एक हात हवेत. थोरलीने वळून पाहिलं. आई खुर्चीत शांत बसली होती, मांडीवरच्या शालीच्या गोंड्यांशी चाळा करत. मग तिने शाल बाजूला सारली, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर टेकले आणि उठली.

ओट्यापासून खुर्चीपर्यंत थोरली कशी पोचली ते तिलाच कळलं नाही. आईचा एक हात हवेत होता, तो तिने धरला.

मघाशी एकदा उठून बसली असणार, आपलंच लक्ष नव्हतं, अशी तिने मनाची समजूत घातली. समजूत चांगली होती. फक्त ती घालताना आईचा हात तिने सोडला नव्हता. संध्याकाळी तिने दुकानात फोन करून हिरवी नक्की केली.

३

फरशीवाला मिस्त्री बोलघेवडा होता. टाइल चिकटवता चिकटवता त्याने आपल्या मेव्हण्याचं लग्न, त्या लग्नातलं भांडण आणि भांडणात फुटलेला आरसा, सगळं सांगून टाकलं.

"टाइल एकदम सपाट बसते का हो?" थोरलीने विचारलं.

"शंभर टक्के कोणतीच भिंत सपाट नसते मॅडम. केसभर इकडे-तिकडे होणारच. चकचकीत टाइलमध्ये ते जास्त कळतं. एकीत तुमचं नाक दिसेल, शेजारचीत कान." आपल्याच विनोदावर तो खूश झाला. "जरा इथे उभ्या राहता का? तुमच्या नजरेच्या उंचीला सांधा येत नाही ना बघतो."

ती त्याच्या शेजारी उभी राहिली. सांधा नजरेच्या खाली येत होता, ते ठीक होतं. मिस्त्री मात्र थापी हातात धरून थांबला होता.

"आजींना जरा बसून राहायला सांगा ना," तो म्हणाला. "सारख्या मागे उठतात, माझा हात हलतो."

"त्या बसल्याच आहेत."

त्याने वळून पाहिलं. आई बसलेली होती. त्याने कान खाजवला, पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि मेव्हण्याची गोष्ट जिथे सोडली होती तिथून उचलली. त्याचं बोलणं चालू असतानाच मागे खुर्ची करकरली आणि थोरली धावली.

जाताना त्याने टाइल्स ओल्या फडक्याने लख्ख पुसून दिल्या. "काम झकास झालंय," तो म्हणाला. खरंच झालं होतं.

४

त्यानंतरचे काही आठवडे थोरलीच्या आयुष्यातले सगळ्यात निर्धास्त म्हणता येतील, निदान सुरुवातीचे. ती ओट्यापाशी उभी राहायची, हात अंड्यात, डोळे हिरव्या टाइल्समध्ये. तिथे आई उठायला लागली की ही वळायची. वळलं की खिडकी डाव्या हाताला, खिडकीशी खुर्ची, आणि आई अजून बसलेली. हात पुसून चार पावलं टाकेपर्यंत आईचे तळवे खुर्चीच्या हातांवर टेकायचे, तोवर ही पोचलेली असायची. आई एकदाही पडली नाही.

धाकटी येऊन राहून गेली. तिने स्वतः पाहिलं.

"तुला कळतं कसं गं?" ती म्हणाली. "आई हलायच्या आधीच तू तिथे असतेस. खरंच पाठीला डोळे फुटले की काय!"

"टाइलमध्ये दिसतं."

"मला तर त्या टाइलमध्ये माझंच तोंड दिसतं, तेही सुजल्यासारखं." मग धाकटीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वृद्धाश्रमाचं मी बोलले ते सोड. इथेच राहू दे तिला."

थोरलीला रडू फुटलं. इतके महिने छातीवर असलेला दगड उतरला होता. ते रडू आनंदाचं होतं आणि ते तिने लपवलं नाही.

धाकटी गेल्यावर मात्र थोरलीच्या एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी चार पावलं टाकेपर्यंत आई हलायला लागलेली असायची. आता हात पुसून व्हायचे, नळ बंद करून व्हायचा, आईजवळ जाऊन उभं राहून व्हायचं, तरी आई स्वस्थ बसलेली. थोरली नुसती वाट पाहत उभी. मग केव्हातरी आई उठायची.

टाइल्स पुढे पळायला लागल्या होत्या.

५

काचेच्या, चकाकीच्या, वाकलेल्या भिंतीच्या जेवढ्या सबबी होत्या तेवढ्या तिने वापरून संपवल्या. डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, झोप कमी होतेय. ते तर तिला न तपासताही सांगता आलं असतं.

एका सकाळी तिने टाइलमध्ये आईचा निळा कप जमिनीवर फुटताना पाहिला. आवाज नाही, नुसते तुकडे उडालेले. तिने वळून आईच्या हातातला कप काढून घेतला, कपाटात सगळ्यात मागे ठेवला आणि आईला स्टीलचा पेला दिला. दुपारी साखरेचा डबा काढताना कोपर लागलं आणि निळा कप कपाटातून थेट खाली आला. तुकडे टाइलमध्ये दिसले होते तसेच, तिथेच, खुर्चीच्या पायापर्यंत उडाले.

थोरलीने तुकडे गोळा केले. कपाचं दुःख कोणाला आहे? पण ही भिंत एक दिवस काय दाखवणार ते तिला आता ठाऊक झालं होतं. एक दिवस ती पीठ मळत असेल, वर बघेल, आणि तिथे खिडकी असेल, खुर्ची असेल, आणि खुर्ची रिकामी असेल.

तेव्हापासून तिला चैन पडेना. टाइलकडे बघवत नव्हतं आणि न बघता राहवत नव्हतं. तिने एकदा सगळ्या भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवली. तासाभरात स्वतःच टराटरा फाडून काढली, कारण कागदामागे खुर्ची भरलेली आहे की रिकामी, हे माहीत नसणं त्याहून वाईट होतं. केक करपायला लागले. भर दुपारी टाइलमध्ये कलती उन्हं दिसायची, आणि ती त्या उन्हात आईचं पांढरं डोकं शोधायची. सापडलं की सुटकेचा श्वास. मग पुन्हा शोध.

"तू इथे आहेस ना?" आई विचारायची.

"इथेच आहे, आई," ती न वळता सांगायची.

इतके दिवस त्या भिंतीत बघूनही तिने स्वतःला मात्र कधी पाहिलं नव्हतं. ओट्यापाशी उभं राहणाऱ्याला आपण आडवे येतो. आपल्याला चुकवून मागचं बघायची सवय होते.

६

त्या दिवशी सकाळी ऊन लख्ख होतं. थोरली मैदा चाळत होती. तिने वर पाहिलं.

टाइलमध्ये संध्याकाळ झाली होती. उन्हाचा तांबूस पट्टा खुर्चीच्या पायाशी आला होता. खुर्चीत आई होती. शाल नीट, केस नीट, चेहऱ्यावर रंग. थोरलीचा जीव भांड्यात पडला. आजचा दिवस तरी निभावला.

टाइलमधली आई ओट्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले. ऐकू काही येत नव्हतं, पण ते ओठ थोरलीला पाठ होते. तू इथे आहेस ना? आई थांबली. पुन्हा ओठ हलले. पुन्हा थांबली, कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत. मग तिचा चेहरा लहान मुलासारखा कावराबावरा झाला.

बोल ना, थोरलीच्या मनात आलं. उत्तर दे ना तिला.

आणि तेव्हा तिने पहिल्यांदा मागचं सोडून पुढचं पाहिलं. गॅसवर दुधाचं पातेलं होतं, खाली निळी ज्योत. ओट्याच्या कडेला हात पुसायचं फडकं. त्यामागे, जिथे एप्रन घातलेली ती स्वतः दिसायला हवी होती, तिथे काही नव्हतं. तिथून सरळ आईची खुर्ची दिसत होती, पूर्ण, कशाच्याही आड न येता. आईने तळवे खुर्चीच्या हातांवर टेकले.

चाळणी हातातून सुटली.

७

धाकटीने फोन उचलला तेव्हा ती ऑफिसात होती.

"आत्ता निघ," थोरली म्हणाली. "अंधार पडायच्या आत पोच. दार नुसतं लोटून ठेवते, बेल वाजवत बसू नकोस."

"काय झालं? आई पडली का?"

"नाही. आई छान आहे. तू तिला घेऊन जा. तुझ्याकडे, नाहीतर तू म्हणत होतीस तिथे."

जी गोष्ट टाळण्यासाठी ही बहीण सगळं घर खणायला निघाली होती, ती गोष्ट ती आपणहून मागत होती.

"ताई, तुला बरं नाहीये का?"

"मी नसले तर ती उठेल गं," थोरली म्हणाली. "तू फक्त ये."

दिवसभर ती ओट्याकडे फिरकली नाही. गॅसचं बटण बंद आहे हे तिने पुन्हा पुन्हा तपासलं, मग आईच्या खुर्चीशी जमिनीवर बसली, आईचा हात हातात घेऊन, पाठ टाइल्सकडे करून. आईला गंमत वाटली. तिने थोरलीच्या केसांतून बोटं फिरवली. ऊन खिडकीतून उतरून जमिनीवर आलं, तांबूस झालं, खुर्चीच्या पायाकडे सरकलं.

"दूध दे," आई म्हणाली.

"धाकटी येतेय. आली की देते."

"दूध दे ना." आई उठायला लागली. थोरलीने तिला बसवलं. ती पुन्हा उठायला लागली, रडवेली होऊन, आणि यावेळी तिच्या अंगात भलतंच बळ आलं होतं. दोघींच्या ओढाताणीत खुर्चीच कलंडली असती.

"बस, देते. पण उठायचं नाही हं," थोरली म्हणाली. थंड देऊ, गॅस पेटवायचाच नाही, असं ठरवून ती उठली. पण दूध थेट फ्रीजमधलं, बर्फासारखं. आईला तसं कधीच दिलं नव्हतं, थंड काही प्यायली की तिला लगेच ठसका लागायचा. कोमट होईस्तोवर, एवढंच. तिने पातेलं ठेवलं. हात पुसून फडकं ओट्याच्या कडेला ठेवलं. टाइलकडे बघायचं नाही म्हणून ती निळ्या ज्योतीकडे बघत राहिली.

"तू इथे आहेस ना?" आईने मागून विचारलं.

"इथेच आहे, आई."

"तू इथे आहेस ना?"

इतक्या लवकर ती कधी पुन्हा विचारत नसे. "अगं, इथेच आहे!" थोरली मोठ्याने म्हणाली. खुर्ची करकरली. थोरली वळली.

खिडकी उजव्या हाताला होती.

खिडकी, खिडकीशी खुर्ची, तांबूस ऊन, सगळं होतं, फक्त दुसऱ्या बाजूला. आई तळवे टेकून उठत होती. थोरली धावली. चार पावलांचं अंतर, रोजचं. ती धावत राहिली आणि अंतर तेवढंच राहिलं. आई उभी राहिली. झोक गेला. एक हात हवेत.

दार धाडकन उघडलं आणि धाकटीने तो हात धरला.

"पडली असतीस ना गं आई!" तिला धाप लागली होती. तिने आईला खुर्चीत बसवलं, शाल पांघरली आणि इकडेतिकडे पाहिलं. "ताई? अगं ताई, कुठे आहेस? एकटीला कशी सोडलीस?"

"आत्ता तर इथे होती," आई म्हणाली.

दूध फसफसून वर आलं. धाकटी धावत ओट्यापाशी आली, गॅस बंद केला आणि फडक्याने पातेलं उतरवलं. टाइल्सवर वाफ धरली होती. तिने त्याच फडक्याने सवयीने ती पुसली आणि हात मध्येच थांबला. बराच वेळ ती तशीच उभी राहिली, एका सांध्याच्या थोडं वर, नजरेच्या उंचीला बघत. मग झटकन मागे वळून तिने खोलीभर पाहिलं.

"तू इथे आहेस ना?" आईने विचारलं.

"आहे गं आई. मी धाकटी," धाकटी म्हणाली.

"तुला नाही विचारलं," आई म्हणाली. ती ओट्याकडे बघत होती.

"इथेच आहे, आई," थोरली म्हणाली.